मधुकररावांचे अखेरचे मत

विघ्नहर्त्या गजाननाला आणि वाणीची अधिष्ठात्री शारदा हिला वंदन करून, माझे वाचनस्नेही मधुकरराव यांच्या स्मरणार्थ हे लिहावयास बसलो आहे. त्यांना जाऊन सहा आठवडे झाले. त्या रविवारी सकाळी पूजा आटोपून मी त्यांच्याकडेच निघालो होतो. माझ्या एका असत्याची कबुली द्यावयाची होती. चपला पायांत सरकवीत असताना त्यांच्या पत्नीचा, सुमनवहिनींचा फोन आला. "शास्त्रीबुवा, हे गेले हो पहाटे..." मी चपला काढल्या आणि पुन्हा देवासमोर जाऊन बसलो. कबुली तशीच राहिली.

मधुकरराव खडकीच्या कारखान्यात फोरमन होते. निवृत्तीनंतर ते वारज्याला आमच्या सोसायटीत राहावयास आले आणि वर्षभरात त्यांनी स्वतःला धरून पाच वाचक जमवले. दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता, बागेतील बाकांवर बसून, वाचलेल्या कादंबरीविषयी ज्याने त्याने आपले मत सांगावयाचे. टिपणे आणावयाची नाहीत, विद्वत्ता घरी ठेवावयाची आणि ज्यांचे वाचून व्हावयाचे आहे त्यांच्यापुढे शेवट फोडावयाचा नाही, एवढेच नियम. मी जन्मभर संस्कृत शिकवले. दुपारी डोळा लागेपर्यंत हाती धरावयाची वस्तू म्हणजे कादंबरी, असा माझा समज होता. तरीही वहिनींच्या आग्रहामुळे गेलो, आणि पहिल्याच गुरुवारी रससिद्धान्ताच्या आधारे पाऊण तास बोललो. सर्वांनी निमूटपणे ऐकून घेतले. मग मधुकरराव अतिशय आदराने म्हणाले, "बुवा, सगळं पटलं. पण आवडली का?"

सत्तर वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता...

त्यांची स्वतःची मते दोन वाक्यांत संपत. एका गाजलेल्या कादंबरीविषयी ते म्हणाले होते, "नायक चारशे पानं खिडकीत उभा आहे. त्याला कोणी तरी खुर्ची द्या." गणिताच्या निवृत्त शिक्षिका मालतीबाई त्यांना तोडीस तोड. "नायिका तीनदा बेशुद्ध पडते," त्या म्हणाल्या, "लेखकाने तिला आधी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं." मी हसू दाबावयाचो, पुढे पुढे दाबणे सोडून दिले. प्रातःसंध्येनंतर कादंबरी उघडण्याची सवय मला या मंडळींनीच लावली, आणि तिच्यामुळे माझ्या संध्येत काही उणे आले असे मला वाटत नाही.

गेल्या वर्षअखेरीस मधुकररावांचे हृदय थकले. त्या महिन्यात आम्ही सर्व जण एकच कादंबरी वाचत होतो. साडेतीनशे पाने एकमेकांशी अबोला धरलेल्या दोन भावांची ती गोष्ट. मधुकररावांची शेवटची ऐंशी पाने राहिली होती. मी सोमवारी दुपारी भेटावयास गेलो. एकादशी होती, माझा उपवास कडक, म्हणून वहिनींनी पुढे केलेला चहाही मी नाकारला. मधुकरराव उशांना टेकून बसले होते. "आता अक्षरं टिकत नाहीत डोळ्यांपुढे," ते म्हणाले. "नियम माझाच आहे, मीच मोडतो. बुवा, शेवट सांगा."

त्या कादंबरीत थोरला भाऊ धाकट्याची वाट पाहत मरतो. धाकटा येतो तेव्हा दाराला कुलूप असते. हे मी त्या माणसाला, त्या खोलीत, कोणत्या तोंडाने सांगणार होतो? माझ्या तोंडून शब्द निघाले, "धाकटा वेळेवर पोहोचतो." आणि एकदा निघाल्यावर ते थांबेनात. मी धाकट्याला थोरल्याच्या पाया पडावयास लावले, दोघांना एका पंक्तीला बसवले, पुरणपोळी वाढली, तिच्यावर तुपाची धारही धरली. मधुकररावांनी डोळे मिटून ऐकले. "हं," एवढेच म्हणाले.

गुरुवारी त्यांनी मालतीबाईंच्या मोबाइलवर आपले मत बोलून पाठवले. आम्ही चौघे बाकावर बसून ऐकू लागलो. आवाज क्षीण होता, पण धार तीच. "शेवट फसला. साडेतीनशे पानं एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ पुरणपोळी दिसताच विरघळले? लिहिताना लेखकाला भूक लागली असावी. जेवण काढून टाकावं. दोघांना नुसतं शेजारी बसवलं असतं, तरी पुरलं असतं." बाकीच्या तिघांनी पुस्तक पूर्ण वाचले होते. पुण्यातील तीन वाचक चूक ऐकून गप्प राहिलेले मी प्रथमच पाहिले. निघताना मालतीबाईंनी मात्र हळूच विचारले, "बुवा, पोळी गरम होती का हो?"

मी मरणोन्मुख मित्राशी खोटे बोललो होतो, आणि माझ्या अपराधाचे बोल एका निरपराध लेखकाला लागले होते. शुक्रवारी गेलो, शनिवारी गेलो. दोन्ही वेळा ते ग्लानीत होते. मग तो रविवार.

तेरावा झाल्यावर मी वहिनींपुढे हात जोडून सारे सांगितले. त्या आधी पदराने डोळे टिपत होत्या, मग हसू लागल्या. "अहो बुवा, तुम्ही जिना उतरत होतात तेव्हाच हे म्हणाले, एकादशीला उपाशी असलेल्या माणसाशिवाय हे पुरण कोणाला सुचणार! मग मंगळवारी आणि बुधवारी मी उरलेली पानं वाचून दाखवली त्यांना. खरा शेवट ऐकला, तो बरोबर आहे म्हणाले."

"मग गुरुवारचे मत?"

"ते तुमच्यावर होतं. बुवांनी जन्मात पहिल्यांदा गोष्ट रचली, म्हणाले, आता तोंडदेखलं कौतुक केलं तर तो त्यांचा अपमान होईल."

मी ज्याला असत्य समजून झुरत होतो, ते त्यांनी गोष्ट म्हणून ऐकले होते, आणि कोणत्याही लेखकाला दिले असते तसेच मत मला दिले होते. इतका सन्मान माझ्या कोणत्याही ग्रंथाला लाभलेला नाही. तो आवाज मालतीबाईंनी माझ्या मोबाइलवर पाठवला आहे. सकाळी कादंबरी उघडण्यापूर्वी तो मी एकदा ऐकतो. त्यांच्या सूचनेप्रमाणे मी माझा शेवट दुरुस्तही केला आहे: पंक्ती नाही, पाने मांडलेली नाहीत, दोन म्हातारे भाऊ ओट्यावर शेजारी शेजारी बसले आहेत आणि कोणीच काही बोलत नाही. मधुकरराव म्हणत होते तेच खरे. पुरते.

वाचकहो, आपले आणि आपल्या घरच्यांचे परमेश्वर कल्याण करो. आपल्याला चांगली पुस्तके लाभोत, ती वाचावयास डोळे शाबूत राहोत, आणि आपला शेवट फसला हे प्रेमाने सांगणारे एक तरी माणूस आपल्या घरी येत-जात राहो.