पाच डब्यांतले एक झाकण

दिनांक ९ मार्च, रविवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वजनमापे निरीक्षकाने आपल्या घरातला जुना गृहसंगणक हौशी दुरुस्ती मंडळाच्या टेबलावर ठेवला. झाकण पिवळे पडलेले, सर्वांत लांब कळ दोनदा दाबावी लागे, पडद्यावरचे चित्र मध्येच थरथरे. बाकी यंत्र शाबूत. दिनांक २३ मार्च रोजी त्याला एक संगणक परत मिळाला. पांढराशुभ्र, कळा मऊ, चित्र स्थिर. तो त्याचाच आहे, असे मंडळाचे म्हणणे आहे. तो त्याचा नाही असे म्हणायला निरीक्षकाजवळ पुरावा नाही, आणि आहे असे म्हणायलाही नाही. एवढे आधी लिहून ठेवणे भाग आहे, कारण मंडळाच्या वहीत ते लिहिलेले नाही.

निरीक्षकाचे वय त्रेपन्न. सव्वीस वर्षे तो दुकानोदुकानी तराजू तपासत हिंडतो आहे. त्याच्याजवळची पितळी वजने मखमली पेटीत असतात आणि तो ती चिमट्याने उचलतो, कारण बोटाच्या घामानेही वजनात फरक पडतो. खरे निघालेल्या वजनावर तो शिक्का मारतो. खोटे निघाले तर जप्त करतो. त्याच्याशी हुज्जत घालून कोणी जिंकल्याचे ऐकिवात नाही. ‘मीठ चवीपुरतं घाला’ असे कोणी म्हटले तरी याच्या कपाळाला आठी पडते, असे त्याची बायको माहेरी सांगते, आणि ते खोटे नाही.

संगणक वडिलांनी आणला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि ताई चौदाची. कळपाट, म्हणजे कीबोर्ड, हाच संगणक. मागून एक वायर टीव्हीला, दुसरी कॅसेट वाजवायच्या टेपरेकॉर्डरला. मासिकात खेळांचे कार्यक्रम ओळीओळीने छापून येत. तो ओळ मोठ्याने वाचून दाखवायचा, ताई टाइप करायची. एक स्वल्पविराम सुटला की तीन तासांची मेहनत पाण्यात, आणि दोष अर्थातच वाचणाऱ्याचा. पुढे ताई नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात गेली, तिथेच संसाराला लागली, आणि संगणक, घरच्या भाषेत डबा, त्याच्या कपाटावर राहिला. तीस वर्षे फोनवर ती विचारायची, “माझा डबा आहे का रे?” आणि तो उत्तर द्यायचा, “आपला डबा आहे.” यंदा ताईने सांगून टाकले की एप्रिलच्या पहिल्या शनिवारी ती येणार आणि डबा घेऊन जाणार. त्याने कबूल केले. द्यायचाच तर दुरुस्त करून द्यावा, हा विचार त्याला सुचला. विकतचे दुखणे म्हणतात ते हेच.

मंडळाची खोली एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानावर आहे. खालून इस्त्रीची वाफ येते, त्यामुळे खोलीत कायम ओल्या लोकरीचा वास. तिथले कर्तेसवरते तीन. पहिले दंतवैद्य, ज्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. कपाळाला दिवा बांधून ते सर्किटवर वाकतात आणि “इथले पेशंट ओरडत नाहीत” हे वाक्य दर रविवारी एकदा तरी म्हणतात. दुसरे आजोबा, जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. तिसऱ्या ग्रंथपाल बाई. मंडळाची वही त्यांच्याकडे.

त्या रविवारी एकाच जातीचे पाच डबे टेबलावर जमले: या तिघांचा एकेक, निरीक्षकाचा एक, आणि एका बेकरीवाल्याचा एक. मंडळाला एवढा आनंद झाला की विचारू नका. एका जातीचे पाच म्हणजे दोष शोधणे हातचा मळ. मंडळाची पद्धत अशी, की आजारी यंत्रातला संशयित भाग काढायचा आणि धडधाकट यंत्रातला तिथे बसवून पाहायचा. चालले, तर रोग सापडला. मग तो भाग तिथेच राहू द्यायचा आणि पुढच्याकडे वळायचे. अकरा वाजेपर्यंत पाचही डबे उघडे होते. बाई लिहीत होत्या: तीन नंबरची मेमरी पाचमध्ये, पाचचा कळपाट एकला, एकचा दोनला. बारा वाजता डॉक्टर म्हणाले, “बाई, जरा दिवा धरा.” बाईंनी दिवा धरला. वही तिथेच थांबली.

दुपारी झाकणे पांढरी करण्याचे काम. केसांना लावायचे पेरॉक्साइडचे मलम फासायचे, वर पातळ प्लास्टिक गुंडाळायचे आणि गच्चीवर उन्हात ठेवायचे. मलमाने खराब होऊ नयेत म्हणून डब्यांखालची कारखान्याच्या क्रमांकाची लेबले आजोबांनी केस वाळवायच्या यंत्राने ऊब देऊन अलगद सोडवली आणि एका काचेवर ओळीने चिकटवली. काम इतके नाजूक होते की निरीक्षकाने मनोमन दाद दिली. आपल्या डब्याचा क्रमांक टिपून घ्यावा, हे त्याला त्या क्षणीही सुचले नाही. कपाटावर दुसरा डबाच नसल्यामुळे तो कधी लागला नव्हता. दोन आठवड्यांनी तो गेला तेव्हा पाच डबे टेबलावर मांडून ठेवले होते, एकाच दुधाच्या पातेल्यातून काढल्यासारखे. डॉक्टरांनी एक उचलून त्याच्या हातात दिला.

घरी येऊन त्याने तो जोडला. लांब कळ एकदाच दाबली आणि ती लागली. इथेच त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याला ओळखीची होती ती दोनदा दाबावी लागणारी कळ. झाकणावर टेपरेकॉर्डर ठेवून ठेवून पडलेला फिकट चौकोन होता, तोही गेला. ज्या ज्या खुणेने यंत्र ओळखावे ती ती खूण म्हणजे दोष होता, आणि दोष काढायला त्यानेच नेले होते.

त्याने कार्यालयातला तराजू घरी आणून डबा तोलला. एक किलो चारशे बारा ग्रॅम. उत्तर अचूक होते. पण पूर्वीचे वजनच ठाऊक नसल्यामुळे त्या उत्तराचे काय करायचे, ते कळेना. बायको दारात उभी राहून पाहत होती. “त्याला विचारून बघा ना, कोणाचा आहेस म्हणून,” ती म्हणाली. त्याने खरोखर ताईच्या जुन्या कॅसेटवरचा खेळ चालवून पाहिला. चालला. पुढच्या रविवारी तीच कॅसेट त्याने मंडळात बाईंच्या डब्यावर लावली. तिथेही चालली.

“मग अडचण काय आहे, साहेब?” डॉक्टरांनी विचारले.

“हा माझा आहे का, एवढंच सांगा.”

“शंभर टक्के अस्सल आहे. आतला एकही भाग नवा नाही.”

“अस्सल आहे, पण कोणाचा?”

डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा विझवला. “हे बघा, कळपाट बहुतेक बेकरीवाल्याचा असेल. मेमरी आजोबांची. बोर्ड तुमचाच, असं मला वाटतं. नाहीतर बाईंचा.”

“माझा नाही हं,” बाई म्हणाल्या. “माझ्या बोर्डावर मी हिरवा ठिपका दिला होता.”

“तो मी स्पिरिटने पुसला,” डॉक्टर म्हणाले. “घाण वाटली मला ती.”

निरीक्षक आजोबांकडे वळला. “आणि क्रमांकाची लेबलं? ती तरी ज्याची त्याला लागली ना?”

“पाच डबे, पाच लेबलं. प्रत्येकाला एकेक मिळालं की नाही?” आजोबा शांतपणे म्हणाले. “एकही उरलं नाही. सरळ रेषेत लावलीत, बघा पट्टी लावून.”

पट्टी लावायची गरज नव्हती. लेबल खरोखर सरळ होते. निरीक्षकाला राग यायला हवा होता. पण राग कोणावर धरावा, तेच ठरेना. चोरी झाली नव्हती. नेला त्याहून चांगला डबा परत मिळाला होता. तक्रार लिहायला बसला तर ‘काय हरवले’ या रकान्यात लिहायला शब्द सापडेना, आणि तक्रारी लिहिण्यात तर त्याचा हातखंडा.

ताई शनिवारी ठरल्याप्रमाणे आली. चहा होण्याआधीच तिने डबा मांडीवर घेतला, कळांवरून बोटे फिरवली आणि म्हणाली, “हाच.” निरीक्षकाचा जीव भांड्यात पडला, पण सव्वीस वर्षांची सवय आड आली आणि त्याने सगळे खरे सांगून टाकले. ताईने पूर्ण ऐकून घेतले.

“अरे, जन्मभर दुसऱ्यांच्या वजनांवर शिक्के मारलेस. घरच्या एका डब्यावर मारता आला नाही तुला?”

“आपला डबा आपण ओळखू, असं वाटलं.”

“आपला म्हणे.” ती हसली. “स्क्रू काढ. मी मारलाय शिक्का.”

ते त्याला नवीन होते. ताईने सांगितले: डबा घरी आला त्याच वर्षी, तो शाळेच्या सहलीला गेला असताना, तिने वडिलांच्या पेचकसाने झाकण उघडून आतल्या बाजूला कंपासपेटीतल्या कर्कटकाने एक ओळ कोरली होती: ‘डबा माझा. भाऊने फक्त वाचून दाखवायचे.’

“कोरलंय. कोणाच्या स्पिरिटने जायचं नाही ते,” ती म्हणाली.

“पण बाबांनी दोघांत एक आणला होता.”

“तू अकरा वर्षांचा होतास. तुला काय कळत होतं?”

त्याने चार स्क्रू काढले, झाकण उलटे केले आणि खिडकीपाशी नेले. ओळ नव्हती. तिच्या जागी पेन्सिलीने, परक्या अक्षरात, एक यादी होती: बाबा ४१०, आई ९२०, मी ८८५, काका बाद. कुठल्यातरी घरी कोणीतरी खेळातले गुण असे लपवून ठेवले होते, आणि त्या घरातला काका पहिल्याच फेरीत गारद झाला होता. ताई उठून खिडकीपाशी आली.

“आईला पहिली आणलीय बघ,” ताई म्हणाली. मग खुर्चीत बसली. “मला डबा नको. माझं झाकण आण.”

तेव्हापासून निरीक्षक हिंडतो आहे. बाईंनी आपले झाकण लगेच उघडून दाखवले. आत काही नव्हते. पेन्सिलीची यादी कोणाची, हेही त्यांना सांगता आले नाही, कारण मंडळातले बहुतेक डबे भंगारवाल्यांकडूनच आलेले. आजोबांनी आपला डबा एका परगावच्या संग्राहकाला रेडिओच्या बदल्यात देऊन टाकला आहे. बेकरीवाल्याने आपला कोणालातरी दिला. कोणाला, ते त्याला आठवत नाही. डॉक्टर उघडायला तयार नाहीत. मलम लावून पांढरे केलेले प्लास्टिक ठिसूळ होते आणि खाचा तुटतात, असे ते आता सांगतात. ९ मार्चला सांगितले नव्हते. वर त्यांनी एक प्रश्नही विचारला: “समजा, झाकण सापडलं. खालचा बोर्ड भलत्याचाच निघाला. मग तुमच्या बहिणीचा डबा सापडला म्हणायचा का?” निरीक्षकाने हा प्रश्न घरी नेला, रात्रीच्या जेवणात, सकाळच्या दाढीत आणि दुकानदारांच्या तराजूंवर तोलून पाहिला. काटा मध्ये येऊन थांबत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी त्याने फक्त बायकोला सांगितली. ती ओळ सापडली तर डबा आपला नव्हता हे सिद्ध होते, आणि नाही सापडली तर ताईला द्यायला काही उरत नाही. यांतले आपल्याला नेमके काय हवे आहे, ते त्याला सांगता येत नाही. “मग शोधता कशाला?” बायकोने विचारले. तो म्हणाला, “कबूल केलंय म्हणून.”

म्हणून वाचकांना सांगणे आहे. ज्यांच्या घरी कळपाटातच सगळे यंत्र असलेला या जातीचा जुना संगणक आहे, विशेषतः २३ मार्चनंतर पांढराशुभ्र होऊन आलेला, त्यांनी खालचे चार स्क्रू काढावेत आणि झाकणाची आतली बाजू उजेडात धरून पाहावी. कर्कटकाने कोरलेली ओळ दिसली, तर झाकण मंडळाच्या पत्त्यावर निरीक्षकाकडे पाठवावे. ज्या घरात आईचे नऊशे वीस गुण झाले होते, त्यांनी आपले झाकण घेऊन जावे. आणि आत काहीही नसेल, तर काही नाही, असे दोन ओळींत लेखी कळवावे. खाच तुटेल या भीतीने कोणी थांबू नये. तुटलेली खाच निरीक्षक स्वतः जोडून देईल.