पवईच्या तलावावरचा माझा एकांत

चहा घ्या आधी, मग काय हसायचं ते हसा. माणसं टाळायला मी एकदा पवईच्या तलावावर जाऊन राहिलो, ते आजतागायत निस्तरतोय.

त्या वर्षी अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा पक्ष सर्वपित्री अमावास्येला ठरला. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत वीस नातेवाईक येणार आणि प्रत्येक जण मला सांगणार, "अण्णांचा तुझ्यावर फार जीव होता रे." आमचं शेवटचं बोलणं भांडणात संपलं होतं. मी ताटावरून उठून गेलो, आणि दोन दिवसांत अण्णा गेले. समेट राहूनच गेला. तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो, त्यामुळे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती वाक्यं ऐकत पानावर बसायची माझ्यात ताकद नव्हती.

म्हणून आईला थाप मारली की ऑफिस मला नाशिकला पाठवतंय, पक्षाला धाकटा मधू बसेल. ऑफिसातल्या एकाने महायुद्धानंतर लिलावात लष्करी तंबू घेतला होता. तो मागून आणला, सायकलला बांधला आणि आदल्या दिवशी पवईला ठोकला. म्हटलं, पितृपक्षात सहलीला कोण येतंय? त्यातून अमावास्या! खरंच चिटपाखरू नव्हतं. मी, पाणी आणि डास.

सकाळी जाग आली ती मंत्रांनी. डोकावून बघतो तर निम्मं घाटकोपर पंचे नेसून काठावर बसलेलं. अहो, सर्वपित्रीला लोक तर्पणाला पाण्यावर जातात! आमच्याकडे सगळं घरीच व्हायचं, माझ्या डोक्यातच आलं नाही.

तंबू गुंडाळून पळणार, तर समोर आमचेच भटजी. त्या दिवशी घरोघर फिरणं जमेना, म्हणून त्यांनी सगळ्या यजमानांना तलावावर बोलावलं होतं. त्यांच्या मागे मधू. मधूच्या मागे आई.

आईने तंबूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाशिकला गेलाच नाहीस?"

"नाही."

"कालपासून इथे आहेस? एकटा? अण्णांसाठी?"

मी शरमेने मान खाली घातली, तो तिने होकार धरला. डोळ्यांना पदर लावून ती काठावरच्या सगळ्यांना सांगत सुटली, की पोराने बापासाठी ऑफिसचं कामसुद्धा सोडलं. मधूने दर्भ माझ्या हातात दिले. पाणी सोडताना मी मनात म्हटलं, अण्णा, चुकलो. आणि तिथेच रडू फुटलं. त्याने तर पुरती वाट लागली. आता खरं सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं.

तेव्हापासून आमच्या घरात तो रिवाजच पडलाय. दर सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी थोरल्याने पवईला तंबूत राहायचं.

गेल्या वर्षी मला एकटं वाटू नये म्हणून नातेवाईक सोबतीला आले. वीसच्या वीस, सतरंज्या घेऊन. आणि एकेक जण जवळ सरकून मला सांगत होता, "अण्णांचा तुझ्यावर फार जीव होता रे."