छातीवर न ठोकलेली प्लेट

चाकणच्या कंपनीत माझं काम मेंटेनन्सचं. प्रत्येक मशीनवर तिची कमाल मर्यादा सांगणारी प्लेट असते आणि ती ओलांडली की मशीन बंद, ही सवय अंगात मुरलेली. म्हणून सायकल घेतल्यावर मी दोनशे वीसमधून वय वजा केलं आणि हृदयाच्या ठोक्यांची तीच कमाल मर्यादा मानली.

राजगुरुनगरच्या अलीकडच्या चढावर मनगटावरच्या घड्याळात ठोके त्यापुढे गेले. दुखत काहीच नव्हतं, तरी मी घाबरून उतरलो. मागून तिच्या सायकलवर बायको आली, रहाटणीला घरून निघाल्यापासून सुरू केलेली तिच्या भावजयीची गोष्ट सांगतच.

"अहो, तो आकडा सरासरीचा. तुमच्या छातीवर प्लेट ठोकलीय का कुणी? बोलता येईल एवढाच जोर लावा, म्हणजे दम पुरतो."

तिच्याकडे घड्याळसुद्धा नव्हतं. हलका गिअर, एका लयीत फिरणारे पाय आणि एकही वाक्य न तुटता चाललेली ती गोष्ट! मी हुंकार देत मागे निघालो आणि खरंच दम पुरला.

शेवटच्या वळणावर ती एकदम गप्प झाली. दमली बिचारी, असं मला वाटेपर्यंत ती सीटवरून उठली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. मी वर पोचलो, तर तिने अर्धवट सोडलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू केलं.