यादीतलं चौदावं कलम

लग्न मांडवात लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा यादीला बसून पाहावं. सुपारी फुटायच्या आधी दोन्हीकडचे कर्ते पुरुष सतरंजीवर समोरासमोर बसतात आणि कार्यालय कुणी घ्यायचं, बँड कुणाचा, शालू कुणाचा, फेटे किती, हे एकेक कलम भांडून भांडून फुलस्केप कागदावर उतरवतात. कागदाच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू लागतं, खाली सह्या होतात आणि मग तो कागद देवापेक्षा मोठा होतो. नवरीचा या यादीशी संबंध एवढाच, की पहिल्या ओळीत तिचं नाव असतं.

दानेश्वरी शेटेचा संबंध जरा जास्त आला. यादी तिनंच लिहिली.

हे दोन हजार एक सालचं. दानेश्वरी तेवीस वर्षांची, बी.एस्सी. केमिस्ट्री, राहायला कोल्हापुरात शनिवार पेठेत. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत तिला नोकरी होती. काम वाळू तपासायचं. लोखंड ओतायचे साचे वाळूचे असतात. त्या वाळूत ओलावा किती, ताकद किती, हे रोज सकाळी पाहायचं आणि वहीत सही करायची. तिनं "चालवा" म्हटलं की भट्टीवरचे चाळीस पुरुष कामाला लागत, "थांबा" म्हटलं की थांबत. घरात तिच्या शब्दावर गॅससुद्धा बारीक होत नसे. त्यामुळे नोकरी तिला आवडायची, यात नवल काही नाही.

स्थळ आलं ते जयसिंगपूरच्या हुक्केरींचं. मुलगा वीरेश, खताचं दुकान. वडील नव्हते. आई अक्काताई आणि आईच्या वरती आईचा भाऊ, बाळासो मामा. पाहायला आल्यावर अक्काताईंनी मुलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "वाळू तपासती म्हंजे नेमकं काय करती?"

"ओलावा बघते, ताकद बघते."

"आमच्यात शाहूवाडीचे तांदूळ येत्यात. त्यात खडे बी असत्यात. तपासायला लई हाय."

दानेश्वरीचे वडील ईरप्पा यांनी घसा खाकरून, सतरंजीकडे बघत विचारलं, "लग्नानंतर नोकरीचं..."

"बघू की पुढं," अक्काताई म्हणाल्या. बाळासो मामाही म्हणाले, "बघू." मध्यस्थ आकाराम तात्यांनीही मान हलवून "बघू" म्हटलं, त्यांचा काही संबंध नसताना. इकडं "बघू" म्हटल्यावर पुढं कुणी कधी काही बघितल्याचं ऐकिवात नाही.

मुलामुलीला गच्चीवर दहा मिनिटं दिली होती. त्यातली सहा वीरेशनं शेजारच्यांची पाण्याची टाकी पाहण्यात घालवली. शेवटी दानेश्वरीनंच विचारलं, "नोकरीबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं काय न्हाय. पन घरात आईचं चालतं. आईपुढं मामाचं."

"आणि तुमचं?"

"दुकानात चालतं," वीरेश म्हणाला. थोडा विचार करून म्हणाला, "सकाळचं."

माणूस खरं बोलतो, एवढं तिला कळलं. खाली येऊन तिनं आईला, चिमणाबाईंना सांगितलं, "नोकरीचं पक्कं केल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

"तेवीस झाली तुला. वाळू काय तुझ्या गळ्यात मंगळसूत्र बांधनार हाय व्हय?" चिमणाबाई म्हणाल्या आणि पुढच्या खोलीत जाऊन मुलीचा होकार कळवून आल्या.

यादी करायला मंडळी पुढच्या रविवारी आली. बाळासो मामा म्हणजे यादीतला शेवटचा शब्द. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून बावीस वर्षं काढलेला माणूस. कुठल्याशा लग्नात यादीत बँडवाले बारा लिहिले होते आणि आले अकरा. मामांनी वरात जागेवर थांबवली. बाराव्या माणसाच्या हातात झांजा दिल्या, मगच घोडा हलला. बारावा माणूस केटररचा आचारी होता. "यादीत हाय ते हाय, आन् न्हाय ते न्हाय," हे मामांचं वाक्य तालुक्यात पाठ होतं.

तीन तास भांडण झालं. तेरा कलमं ठरली. मामांनी कच्चा मसुदा केला, पण त्यांचं अक्षर त्यांना स्वतःलाच लागत नसे. पक्की प्रत कुणी लिहायची? दानेश्वरीचा भाऊ अमरेश पुढे झाला. त्याच्या पहिल्या दोन ओळी पाहून लग्न लावणारे जंगम स्वामी म्हणाले, "हे काय, मुंगी शाईत पडली व्हय?" तेव्हा ईरप्पांनी अमरेशच्या कानात सांगून कागद आत पाठवले. "दानीचं अक्षर छापल्यागत हाय. दोन प्रती करून दे म्हनावं." नवरीनं आपलीच यादी लिहू नये असा काही नियम नाही, तशी वेळच कुणावर आलेली नव्हती, म्हणून नियम करायचा राहून गेला होता.

दानेश्वरी स्वयंपाकघरात पाटावर बसली. बाजूला चिमणाबाई पुरणपोळ्या लाटत होत्या. एक ते तेरा कलमं तिनं स्वच्छ उतरवली. तेरावं कलम "फेटे एकवीस, मुलीकडून" हे दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला आलं. त्याखाली बरीच जागा मोकळी होती. तिनं त्या जागेकडे पाहिलं. पोळी तव्यावर पडली, उलटली, फुगली. मग तिनं लिहिलं:

"१४. मुलीची कागल येथील नोकरी लग्नानंतर चालू राहील."

त्याखाली "येणेप्रमाणे यादी उभयपक्षी मान्य" आणि तारीख. दुसऱ्या प्रतीतही तसंच. वाळूच्या वहीत सही करते, तितक्या सहज.

कागद बाहेर गेले. ती दाराआड उभी राहिली. आता मामा वाचतील, आता उठतील. मामांनी पहिलं पान चष्म्याशिवाय लांब धरून पाहिलं, "अक्षर झकास!" म्हणाले आणि दुसऱ्या पानावर सही ठोकली. तीन तास घासलेलं पुन्हा काय वाचायचं? शिवाय पोळ्यांचा वास सतरंजीपर्यंत आला होता. ईरप्पांनी सही केली, जंगम स्वामींनी केली, आकाराम तात्यांनी तर पानाऐवजी आतल्या दाराकडे बघत केली. मुलगा म्हणून वीरेशच्या हातात शेवटी कागद गेला. त्याचं काम फक्त घडी घालायचं. त्यानं जरा वेळ लावला, घडी घातली आणि मामांच्या हातात दिली.

एक प्रत ईरप्पांनी न उघडता देवघरात ठेवली, दुसरी मामांनी नेली. नोकरी वाचली की लग्न मोडलं, हे मामांच्या लोखंडी पेटीत घडी होऊन पडलं होतं आणि पेटी कधी उघडेल ते कुणाला माहीत नव्हतं.

अपराधी माणूस फार गोड वागतो. बस्ता बांधायला दोन्हीकडच्या मिळून एकोणीस बायका महाद्वार रोडवरच्या दुकानात गाद्यांवर बसल्या. दानेश्वरीला शालू वांगी रंगाचा हवा होता. अक्काताईंनी पोपटी काढला, इतका पोपटी की दुकानदारानंच एक दिवा मालवला.

"कसा हाय?" अक्काताईंनी विचारलं.

"छान आहे, अत्ती," ती होणाऱ्या सासूला म्हणाली.

पत्रिकेवर तिचं नाव दानेश्वरीऐवजी "चि. सौ. कां. दानम्मा" छापून आलं. "राहू दे," ती म्हणाली. व्हिडिओवाल्यानं तिला कंबरेवर घागर घेऊन रंकाळ्याच्या काठावर चालायला लावलं. ती चालली. घागर रिकामी होती, तरी लोक थांबून बघत होते. मेंदीवालीनं वीरेशचं नाव चुकून "विरश" काढलं. तेही राहू दे. जयसिंगपुरात बातमी पसरली की हुक्केरींनी गाईसारखी गरीब पोर आणली. इकडं चिमणाबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "तुला ताप-बिप न्हाय न्हवं? एवढी शानी तू कवापासनं झालीस?"

पेटी उघडली ती लग्नाला आठ दिवस राहिले असताना, आणि कारण झाले फेटे. अक्काताईंच्या माहेरचे पाहुणे वाढले होते. त्यांना एकवीसऐवजी एक्कावन्न फेटे हवे होते. ईरप्पा म्हणाले, यादीत एकवीस आहेत. अक्काताई म्हणाल्या, एक्कावन्नच ठरलेत, मला चांगलं आठवतंय. शेवटी सगळे पुन्हा शनिवार पेठेत त्याच सतरंजीवर जमले. मामा पेटीतली प्रत घेऊन आले. या वेळी चष्माही होता.

"फकस्त तेरावं कलम वाचा की," आकाराम तात्या म्हणाले.

"तसं न्हाय चालत," मामा म्हणाले. "यादी वाचायची तर पैल्यापासनं."

आणि त्यांनी वाचली. एकेक कलम, मंगलाष्टकं म्हणावीत तसं. दानेश्वरी दाराआड उभी होती. तिनं मनाशी ठरवलं, लग्न मोडलं तर उद्या रजा टाकायची नाही, सकाळच्या गाडीनं कामावर जायचं. सातवं झालं. अकरावं झालं. "तेरा. फेटे एकवीस, मुलीकडून," मामा म्हणाले आणि विजयी चेहऱ्यानं बहिणीकडे पाहून पुढं वाचत गेले, "चौदा. मुलीची कागल येथील नोकरी..."

मामा थांबले. मग बाकीचं हळू वाचलं. मग कागदाच्या तळाशी गेले. तिथं त्यांचीच सही होती, दुहेरी रेघ ओढलेली.

"हे कवा ठरलं?" अक्काताईंनी विचारलं.

बाळासो मामांच्या आयुष्यातला हा कठीण क्षण होता. न वाचता सही केली म्हणावं, तर बावीस वर्षांची सेक्रेटरीकी पाण्यात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चौदावं कलम जागेवरच होतं.

"ठरलंतं की," मामा म्हणाले.

"मी हितंच बसलेली. मला कसं ठावं न्हाय?"

"तू तवा आत पोळीची चव बघायला गेलतीस."

"मी? मी पोळी तोंडात बी घातली न्हाय! सोमवारचा उपास धरायचा म्हनून..."

"रविवार हुता, आक्का."

मामांनी मग ईरप्पांकडे पाहिलं. "काय पावणं? ठरलंतं का न्हाय?"

चौदावं कलम कुणी घातलं, ते ईरप्पांना कळलं होतं. एकदा आतल्या दाराकडे पाहून ते म्हणाले, "व्हय. ठरलंतं. मामांनीच विषय काढलेला."

"मीच काढलेला," मामा म्हणाले.

जंगम स्वामींनाही आठवलं. आकाराम तात्यांना तर इतकं आठवलं, की त्यावर अर्धा तास चर्चा झाल्याचं आणि आपण स्वतः आधी विरोध केल्याचंही त्यांनी सांगितलं. सही केलेल्या चारही माणसांना जे घडलंच नव्हतं ते स्पष्ट दिसू लागलं. अक्काताईंनी शेवटी मुलाला धरलं. "वीऱ्या, तू वाचलीतीस का यादी?"

"वाचली की. घडी घालताना."

"मग बोललास का न्हाईस?"

"तूच म्हनलीतीस, मोठी मानसं बोलताना मधी तोंड घालू नगंस."

दाराआड दानेश्वरीनं पदर तोंडात धरला. गेला महिनाभर या माणसाला माहीत होतं, आणि बस्त्याच्या दिवशी तो तिला उसाचा रस पाजताना खतांच्या भावाबद्दल बोलत होता.

अक्काताई उठल्या. भावाच्या हातातून कागद घेऊन त्यांनी पर्समध्ये टाकला. "यादी आता माझ्यापाशी ऱ्हाऊंदे," म्हणाल्या. फेटे एकवीसच आले.

लग्न झालं. फोटोत सगळे लोक आहेत आणि मध्ये एक पोपटी उजेड आहे. दहाव्या दिवशी दानेश्वरी जयसिंगपूरहून सकाळी सहा चाळीसची एस.टी. धरून हातकणंगल्याला आणि तिथून कंपनीच्या गाडीनं कामावर गेली. अक्काताईंनी डबा इतका वाजवून भरला की गल्ली उठली. मग वर्षभरात वाजणं कमी झालं. पुढे तर कुणी नातेवाईक आले की अक्काताई सांगायच्या, "आमच्या सुनंनं हो म्हनल्याबिगर तितं इंजनाचा एक पार्ट बनत न्हाय." वाळूचं नाव त्या काढत नसत. वाळूनं इज्जत कमी होते.

दोन हजार तीनमध्ये शांभवी झाली. दोन वर्षांची असताना तिला महिन्यात तिसऱ्यांदा ताप आला. दानेश्वरीनं आठ दिवस विचार केला, राजीनामा लिहिला आणि एका सकाळी चहाच्या वेळी सासूला सांगितलं, "अत्ती, आज मी नोकरी सोडून येते."

अक्काताईंनी चहा संपवला. आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज झाला आणि चार कोपरे पिवळे पडलेला फुलस्केप त्यांनी सुनेच्या पुढ्यात ठेवला.

"चौदा नंबर वाच."

"अत्ती, ते तेव्हाचं..."

"वाच म्हनते न्हवं."

"मुलीची कागल येथील नोकरी लग्नानंतर चालू राहील."

"पोर आजारी पडल्यावर बंद करावी, असं कुटं हाय त्यात? यादीत हाय ते हाय. पोरगी माझ्यापाशी हाय. डाक्टर दहाला येतो. मला ताप बघता येत न्हाय व्हय?"

दानेश्वरीनं कागद सासूकडे सरकवला. मग म्हणाली, "अत्ती, खरं सांगू? हे कलम कुणी ठरवलंच नव्हतं."

"ठावं हाय मला," अक्काताई म्हणाल्या. "लग्नाच्या चौथ्या दिवशी तू माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यास. तूरडाळ, हरभराडाळ, शेंगदानं. मी कपाटातनं यादी काढली आन् डब्याला लावून बघितली. हुक्केरीतला ह आन् हरभऱ्यातला ह येकच."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलून काय करू? मामाला तालुक्यात तोंड दावायला जागा ऱ्हायली असती व्हय?" त्यांनी यादीची घडी घातली. राजीनाम्याचा कागद उचलून उलटसुलट पाहिला, मागची बाजू कोरी होती. "ह्याच्यावर औषधाच्या येळा लिवून दे. ठळक लिव. आन् पळ, साहा चाळीसची जाईल."

दानेश्वरीनं वेळा लिहिल्या. सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी आठ. कागद अक्काताईंनी हरभराडाळीच्या डब्याखाली दाबून ठेवला. एस.टी. त्या दिवशी सहा पन्नासला आली.