पोळ्याला रंगवलेले नट

लढाई संपली आणि अकोल्यात ट्रकांचं पेव फुटलं. पलटणीला नको झालेले हे ट्रक गावाबाहेर एका जिनिंगमागच्या मोकळ्या आवारात ओळीनं येऊन उभे राहिले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि प्रांतातली सगळी अक्कल त्या आवारात गोळा झाली आहे असं तिथल्या गर्दीला वाटत असावं. कालपर्यंत सरकी तोलणारी माणसं हॉर्न वाजवून बघायची, चाकाला लाथ घालायची आणि माल चोख असल्याचा निकाल द्यायची. लाथ खाऊन चाक काय सांगतं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी लढाईभर लष्करी गाड्यांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होतो. गाडी कधीची, कुठून आलेली, हे मला दहा मिनिटांत समजायचं, आणि ज्यांना समजत नाही त्यांच्याबद्दल माझ्या मनात दया नव्हती.

आवारातला व्यापारी सगळ्या गाड्यांना एकच हिरवा रंग फासायचा. मी बॉनेटच्या कडेला नखानं खरडायचो. हिरवा गेला की खाली वाळूसारखा पिवळट निघायचा. म्हणजे 'शेडमध्येच उभी होती' म्हणून सांगितलेली गाडी वाळवंट तुडवून आलेली. त्याखाली पुन्हा मूळचा हिरवा. डॅशबोर्डावर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर गाडीची बनावट आणि सैन्यानं ती ताब्यात घेतल्याची तारीख असते. जिथं पट्टी नाही आणि स्क्रूची चार भोकं तेवढी आहेत, तिथं लबाडी. पण चासीवर ठोकलेला नंबर कुणी काढत नसे, कारण तो कुठं असतो हेच त्या शहाण्यांना ठाऊक नव्हतं. कॅनडाच्या बनावटीच्या गाड्यांत समोरची काच उभी असली तर गाडी आधीची, खालून आत कललेली असली तर नंतरची. लहान पोरालाही कळावं इतकं हे सोपं. मडगार्डावरच्या पिवळ्या गोलातला आकडा पुलांसाठी असतो, गाडी किती भाराची ते सांगणारा. अमरावतीच्या एका वकिलानं तो नऊचा आकडा पाहून आपली गाडी कारखान्यातून निघालेली नववी म्हणून हार घातला होता. मी त्याला खरं सांगितलं नाही. हार चांगला होता.

माझी धाकटी बहीण बाळापूरजवळच्या एका माळ्याच्या घरी दिलेली. आम्हीही माळीच, पण आमच्या घरात मी एक लोखंडाकडे वळलो. तिच्या नवऱ्याची वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं बैलगाडीनं अकोल्याच्या बाजारात पोचेपर्यंत मान टाकायचं. त्याला ट्रक हवा होता आणि तो स्वतःच चालवणार होता. बहीण मुद्दाम मला सांगायला आली. "भाऊ, गाडी तुमीच पाहून द्या. त्यायले कोनीबी फसवते."

फसवणारच. आवारात आल्या आल्या हा माणूस रेडिएटरच्या जाळीत बोट घालून आत पाहू लागला, बैलाचे दात पाहावेत तसा. मला लाज वाटली. मी त्याला बाजूला केलं आणि व्यापाऱ्याचा समाचार घेतला. त्यानं पुढे केलेल्या गाडीची काच नव्या तऱ्हेची, चासीचा नंबर जुना; म्हणजे एका गाडीचं डोकं दुसरीच्या धडावर बसवलेलं. मी चार लोकांसमोर रंग खरडून दाखवला, पट्टीची भोकं दाखवली. व्यापाऱ्याचं तोंड उतरलं आणि ती गाडी जुनी म्हणून, जुन्याच्या भावात मिळाली. मग तासभर मी जावयाला, आमच्याकडे बहिणीचा नवरा तो जावईच, आपली विद्या ऐकवत राहिलो. तो मान हलवत होता. याच्या डोक्यात काही शिरत नाही, अशी माझी खात्री होती.

निघता निघता मी एक वाक्य टाकलं. या गाड्यांच्या चाकाची लोखंडी धाव दोन तुकड्यांची असते. बाहेरच्या नटांनी ते दोन तुकडे एकमेकांना आवळलेले असतात, आतल्या नटांनी चाक गाडीला. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सोडले तर धाव तोफेच्या गोळ्यासारखी उडते. कारखान्यात मी एका माणसाला तसं मरताना पाहिलं आहे. म्हणून लष्करात बाहेरचे नट तांबडे रंगवतात. व्यापाऱ्याचा ब्रश चाकांपर्यंत पोचलाच नव्हता, तो जुना विटकरी रंग तसाच होता. पण हे सगळं काही मी सांगितलं नाही. म्हणालो, "तांबडे नट सोडाचे नाही, जावईबापू." बस. व्यापाऱ्याची फजिती तासभर आणि जीव जाण्याची गोष्ट एका वाक्यात.

पोळ्याला बहिणीनं जेवायला बोलावलं. अंगणात बैलांच्या शेजारी ट्रक उभा. बॉनेटवर झूल, आरशाला बेगड, समोर पुरणपोळीचा नैवेद्य. बहिणीची सासू म्हणाली, "ओझं वाहते ना थो? मंग त्याचा बी पोळा." शिंगांना लावायचा तांबडा रंग उरला होता, तो त्यांनी चाकांच्या नटांना लावला होता. एकूण एक नटाला, आतल्या आणि बाहेरच्या.

मी पोट धरून हसलो. जावयाला विचारलं, "वेसन कुठी बांधली?" तोही ओशाळं हसला. कुठल्याही गाडीवरचे तीन रंग ओळखणारा मी, त्या चकाकत्या नटांकडे पाहिलं आणि पुरणपोळीवर तूप मागून घेतलं.

आठ-दहा दिवसांनी सकाळी एक गाडीवान माझ्या दुरुस्तीच्या दुकानाशी थांबला. म्हणाला, "तुमच्या जावयाची गाडी बाळापूरच्या रस्त्यात अडून राह्यली. चाक बसलं. ते पाना घेऊन खोलून राह्यले होते."

पहिल्यांदा मला चीडच आली. साधं चाक बदलता येत नाही, आणि मालक व्हायला निघाले. सायकल काढली, वाटेत ऐकवायची वाक्यं जुळवत निघालो. गाव मागं पडलं तेव्हा पाना डोळ्यांपुढे आला, पाना नटावर बसला, आणि नट तांबडा होता. सगळे तांबडे होते. चाक बसलं म्हणजे हवा पुरती गेली असं नव्हे. जड गाडीखाली अर्ध्या हवेचं टायरही बसकंच दिसतं. बहिणीचं कपाळ मला दिसू लागलं, कुंकवाचं आणि मग बिनकुंकवाचं. मी आयुष्यात इतकी सायकल कधी हाणली नाही. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवत नव्हतं.

ट्रक रस्त्याच्या कडेला काळ्या चिखलात एका अंगाला झुकून उभा होता. जावई चाकाशी उकिडवा बसला होता. चाक बदललेलं होतं आणि तो आतले नट एकेक करून आवळत होता. मी सायकल टाकली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि उठून दोन्ही हात पुढे केले. नखांत तांबडा रंग भरला होता, एक नख तुटून रक्त आलं होतं.

"सारेच नट तांबडे," तो म्हणाला. "मंग तुमी खरडता तसं म्या खरडून पाह्यलं. आतल्याईच्या खाली हिरवा निघाला. बाहेरच्याईच्या खाली जुना, इटेसारखा. ते ठेवले तसेच."

मी खाली बसलो. मी म्हणालो, "मले पोळ्यालेच दिसाले पाह्यजे होतं."

"तुमी हासून राह्यले होते, भाऊ," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर मला परतून काही बोलता आलं असतं.

मग त्यानं पाना माझ्या हातात दिला. "आता आलेच हा, तं एक डाव पाहून घ्या."

मी एकेक नट पाहिला. सगळे नीट आवळलेले होते. खोट काढायला काहीच नव्हतं, तरी मी पुन्हा पहिल्या नटापासून सुरुवात केली, कारण मान वर केली असती तर त्याला माझे डोळे दिसले असते.