पसंती विचारणारी अनघा

हरप्रीत नेहमी मेसेज करते, फोन करत नाही. त्यामुळे ऑफिसमध्ये असताना तिचं नाव फोनवर झळकलं आणि मी फोन घेऊन तडक बाहेर आले. "अनघा चली गई यार," एवढंच ती म्हणाली. आजार ठाऊक होता, डॉक्टरांनी कल्पनाही दिली होती... तरी मला राग आला. आज काही आठवडे उलटले, तो गेलेला नाही. चाळिशीही न गाठता निघून जायचं, ही काय पद्धत झाली?

ॲडलेडच्या मॉसन लेक्समध्ये आम्ही एकाच युनिव्हर्सिटीतल्या पाच मुली एका घरात राहायचो. ही आपली सोरोरिटी आहे, असं हरप्रीत ऐटीत सांगायची; माझे बाबा 'भगिनी मंडळ' म्हणून चिडवायचे. मंडळाची अध्यक्ष अर्थातच अनघा. डोंबिवलीची, नर्सिंगचं मास्टर्स करणारी, आमच्यात सगळ्यांत मोठी आणि भयंकर आगाऊ. आजारपण लपवायचं नाही आणि रडायचं असेल तर स्वयंपाकघरात येऊन रडायचं, हे तिचे नियम. मी पुण्याची, एकुलती एक, कुणाशी बोलायचं म्हटलं तरी घाम फुटणारी. हळूहळू मी भाजीत गूळ घालण्यावरून अनघाशी भांडायला लागले, आणि एका भांडणात माझ्याच लक्षात आलं की हे आता आपलं घर झालंय.

पण माझा साखरपुडा झाला होता. निरंजन मेलबर्नला आयटीत होता. माझ्या फोनचं लोकेशन त्याच्याकडे असायचं. लायब्ररीत वेळ लागला की विचारणा, घरी कोण कोण आहे त्याचा फोटो पाठव म्हणून हट्ट. आधी मला ती काळजी वाटली, मग भीती वाटायला लागली. मी मेलबर्नच्या युनीत यायचं हे त्यानेच ठरवलं, आईबाबांनी मान डोलावली, आणि एका शनिवारी तो मला न्यायला आला. बॅग भरून मी बसले होते. जायचं नव्हतं, आणि नाही म्हणायची हिंमतही नव्हती.

बाहेर हॉर्न वाजला. अनघा गेली आणि त्याला आत घेऊन आली. सोफ्यावर मधोमध बसवलं, हातात कांदेपोह्यांची बशी दिली आणि आम्हाला सगळ्यांना त्याच्यासमोर बसवलं. बघण्याच्या कार्यक्रमात मुलगी बसते तसा तो बसला होता.

"स्वयंपाक येतो का रे तुला?" अनघाने विचारलं.

"मधुरा करेल ना," तो हसत म्हणाला.

"आणि तिच्या मैत्रिणी? आम्ही आलो तर चालेल?"

"तिकडे तिला मैत्रिणींची गरज नाही पडणार. मी आहे ना."

त्याने बशी खाली ठेवली. "मधुरा, चल. दुपारची फ्लाइट आहे आपली." आवाज चढला होता. हरप्रीत उठून माझ्या बॅगेपाशी उभी राहिली. अनघा आता त्याला हाकलणार, असं मला वाटलं. ती मात्र माझ्याकडे वळली.

"मधुरा, मुलगा पसंत आहे का तुला?"

हे मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. आई-बाबांनीही नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. "नाही," मी म्हणाले. इतकं हळू, की पुन्हा म्हणावं लागलं. तो दार आपटून गेला. संध्याकाळी आईचं फोनवर रडणं, मग बाबांचा अबोला... त्या सगळ्यात अनघा माझ्या शेजारून हलली नाही.

हॉस्पिटलमध्ये तिला शेवटची भेटले तेव्हा इतक्या वर्षांचा मनातला प्रश्न मी विचारून टाकला. "मी हो म्हणाले असते तर गं?"

तिला धाप लागत होती. "तर काय... डबा भरून दिला असता," ती म्हणाली. "आणि तुझी खोली कुणालाच दिली नसती. आम्ही चौघींनी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. तू आली असतीस ना परत..."

मेलबर्नजवळ टार्निटला आता आमचं घर आहे, त्यात एक जादा खोली आहे. तिथे ऑफिसचं टेबल टाकू, असं माझ्या पसंतीचा नवरा अधूनमधून म्हणतो. मी टाकू देत नाही. त्या पलंगावर धुतलेली चादर घातलेली असते. मागच्या आठवड्यात ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. "ताई, थोडे दिवस तुमच्याकडे राहायला येऊ का?" बोलताना तिचा आवाज कापत होता. मी कारण विचारलं नाही. कुठे आहेस ते सांग, घ्यायला येते, एवढंच म्हणाले.