रविवारचा शब्द

मार्गासनीच्या कोंडिबाचा कशावरच विश्वास नव्हता. एसटी वेळेवर आली तरी तो कंडक्टरला विचारायचा, "आज लवकर कशी काय?" दुधानं तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारा माणूस. अशा माणसापुढं त्याच्या एकुलत्या नातीनं, वैष्णवीनं, जपानला जायचं काढलं. तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायची नोकरी, तीन वर्षांची. पुण्यात राहून भाषा शिकली, परीक्षाही पास झाली. अडलं होतं ते फक्त आज्याच्या होकारावर.

"दोनशे वर्सं दार लावून बसलेला मुलूख त्यो, तूच म्हनालीस. आन् आता आपल्या पोरी बोलावतोय? कशापायी?"

"दार उघडल्यावर त्यांनी डोळं झाकून काय घेतलं न्हाई, आजा. आधी आपली मानसं जहाजानं परमुलखात धाडली. शाळा बघा, कायदं बघा, राज्य कसं चालतं बघा म्हनाले. मग घरी बदल केला. संगं पाच पोरीबी धाडल्या, शिकायला. धाकटी सहा वर्सांची."

कोंडिबानं मान वर केली. "आल्या का माघारी?"

"दोघी लवकर आल्या. बाकीच्या उशिरा, धाकटी अकरा वर्सांनी." वैष्णवीला खोटं जमत नसे, म्हणून ती पुढचंही सांगून बसली. "पर तवर ती आपली भाषा इसरली हुती. आईशी धड बोलता येईना."

झालं! नात परत येईल, पण आपल्याशी बोलायला तिच्या तोंडात शब्दच नसतील, या भीतीनं कोंडिबानं आणखी दोन दिवस होकार अडवून धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "जा. पर दर रविवारी फोन कर. म्या एक शब्द इचारीन. चुकलीस की माघारी यायचं."

ती गेली. रविवारी कोंडिबा मोबाईल घेऊन बसे.

"वखराच्या पात्याला काय म्हनत्यात?"

"पास."

"पावसात डोक्यावर घेतो ते पानांचं?"

"इरलं."

एकदाही चुकली नाही. "वहीत लिवून ठिवलं असंल," तो फोन ठेवून पुटपुटे.

दुसऱ्या वर्षी भात घरात आल्यावरच्या रविवारी त्यानं विचारलं, "ते गं... भात भरून ठिवतो... कोपऱ्यातलं... काय म्हनत्यात त्येला?"

"कणगी! आज लई सोपं इचारलं, आजा."

कोंडिबा समोरच्या कणगीकडं बघत राहिला. सकाळपासून तो तेवढा एक शब्द शोधत होता.

"पुन्यांदा सांग," तो म्हणाला. आज ती परीक्षा नव्हती, हे मात्र त्यानं तिला सांगितलं नाही.